बहात्तर तास आणि चार वर्षं

१३ डिसेंबर १९५४ ची रात्र. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैदानावर दिव्यांच्या झगझगाटात एक मैत्रीपूर्ण सामना चालू होता. पाहुणा संघ हंगेरीचा होनवेद, म्हणजे त्या काळचा हंगेरीचा नावाजलेला खेळाडू पुश्काश आणि कंपनी. मध्यंतराला होनवेद २-० ने पुढे होता. पण मैदानात चिखल माजला होता. यजमान क्लब वुल्व्हजचे व्यवस्थापक स्टॅन कलिस यांनी सामन्याआधी मैदानावर आणखी पाणी मारायला लावलं होतं, अशी कथा पुढे अनेकांनी सांगितली. उत्तरार्धात होनवेदचे नाजूक पास त्या राड्यात रुतू लागले आणि वुल्व्हजने तीन गोल करून सामना मारला. इंग्लिश वृत्तपत्रांनी वुल्व्हजला थेट जगज्जेते करून टाकलं.

पॅरिसमध्ये ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाचे पत्रकार गाब्रिएल आनो यांना हे काही पटेना. त्यांचं म्हणणं साधं होतं: आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळा, मग बघू. याच वादातून १९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला, आजच्या चॅम्पियन्स लीगचा पूर्वज. सोळा क्लब, घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर एकेक सामना, शेवटी एकच अंतिम सामना. पहिला विजेता रिअल माद्रिद. चषक उचलायला त्यांना सात सामने खेळावे लागले. २०२४-२५ मध्ये पॅरिसच्या पीएसजी या क्लबने हीच स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांचे सतरा सामने झाले होते.

आनो यांनी नकळत संख्याशास्त्राचा प्रश्न विचारला होता. कोण श्रेष्ठ हे ठरवायला किती सामने लागतात, आणि ती मोजणी किती दिवसांनी पुन्हा करायची? आज क्लब विश्वचषक, म्हणजे जगभरातल्या क्लबांची स्पर्धा, दर चार वर्षांनी असावा, दोन वर्षांनी की दरवर्षी, यावर जी हमरीतुमरी चालते तिच्यात पैसा आणि सत्ता हे दोनच विषय असतात. दोन्ही खरे आहेत. पण त्यांच्याखाली गणित आणि शरीरशास्त्र गपचूप बसलेलं आहे, आणि मला जास्त रस त्यात आहे.

आधी गणित. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, एका सामन्यात सरासरी अडीच-पावणेतीन. अशा तुरळक, बऱ्याच अंशी एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटनांसाठी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र चांगलं चालतं. समजा एका संघाची ताकद सामन्याला सरासरी १.८ गोल करण्याची आहे आणि समोरच्याची ०.९. म्हणजे पहिला संघ सरळसरळ दुप्पट चांगला. आता सूत्रात आकडे घालून बघू. बलवान संघ जिंकण्याची शक्यता येते ५९ टक्के, बरोबरीची २३ टक्के, आणि दुबळा संघ जिंकण्याची तब्बल १८ टक्के. बरोबरी झाल्यावर पेनल्टी म्हणजे नाणेफेक असं धरलं, तर बलवान संघ पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता ७० टक्के होते.

सत्तर टक्के ऐकायला भक्कम वाटतं. पण बाद फेरीत असे चार सामने ओळीने जिंकायचे असतात. ०.७ चा चौथा घात काढला की उत्तर येतं ०.२४. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापेक्षा दुप्पट चांगला असलेला संघसुद्धा चारपैकी साधारण एकदाच चषक घरी नेणार! उरलेल्या तीन वेळा दुसरंच कुणीतरी जिंकणार आणि आपण त्याच्या ‘मानसिक कणखरपणा’वर लेख वाचणार.

हा फक्त कागदावरचा हिशेब नाही. बेन-नाईम, वाझकेझ आणि रेडनर या संशोधकांनी २००६ मध्ये वेगवेगळ्या खेळांच्या पाच मोठ्या लीगमधले तीन लाखांहून अधिक सामने तपासले आणि कमजोर संघ किती वेळा बाजी मारतो ते मोजलं. इंग्लिश फुटबॉल सगळ्यात बेभरवशाचं निघालं, उलटफेराचं प्रमाण सुमारे ४५ टक्के. अमेरिकी बास्केटबॉल आणि अमेरिकी फुटबॉलमध्ये ते ३६ टक्क्यांच्या आसपास होतं. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात इतके गुण होतात की नशिबाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. फुटबॉलमध्ये एक चेंडू कुणाच्या तरी घोट्याला लागून वळला की काम तमाम.

मग उपाय सरळ दिसतो, स्पर्धा वारंवार भरवा. आपला तोच दुप्पट चांगला संघ चार वर्षांत एकाच स्पर्धेत उतरला तर जिंकण्याची शक्यता २४ टक्के. दरवर्षी उतरला तर चार वर्षांत किमान एकदा जिंकण्याची शक्यता ६७ टक्क्यांवर जाते. मोजमाप जितकं जास्त वेळा तितका गोंधळ कमी, हे प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही शिकतो.

पण या हिशेबात मी एक गोष्ट हळूच गृहीत धरली, की चार वर्षं तो संघ तोच राहतो. इथेच गाडी अडते.

रुग्णाचा ताप दर चार तासांनी बघतात, मुलाची उंची सहा महिन्यांनी, डोंगराची उंची पिढीतून एखाद्या वेळी. जी गोष्ट भराभर बदलते ती भराभर मोजावी लागते, नाहीतर दोन मोजण्यांच्या मधला सगळा इतिहास निसटतो. तेव्हा खरा प्रश्न असा की फुटबॉल क्लब ही वस्तू किती वेगाने बदलते? राष्ट्रीय संघ हळूहळू बदलतो, कारण खेळाडू विकत घेता येत नाही. जन्म, नागरिकत्व, वय या गोष्टी बाजारात मिळत नाहीत. क्लबचं तसं नाही.

चेल्सीचंच बघा. २०२५ च्या क्लब विश्वचषकात त्यांना प्रवेश मिळाला तो २०२१ ची चॅम्पियन्स लीग जिंकल्यामुळे. २९ मे २०२१ ला पोर्तोमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध जे अकरा जण उतरले त्यात मेंडी, सिल्वा, रुडिगर, कान्टे, जॉर्जिन्यो, माउंट, वेर्नर होते आणि गोल मारणारा हावेर्ट्झ होता. १३ जुलै २०२५ ला न्यू जर्सीत क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीचे अकरा जण उतरले तेव्हा जुन्या यादीतलं एकच नाव शिल्लक होतं, रीस जेम्स. दरम्यान प्रशिक्षक टुखेल गेले, त्यांच्यानंतरचेही काही आले आणि गेले, आणि २०२२ मध्ये क्लबचा मालकही बदलला. गंमत म्हणजे त्या अंतिम सामन्यात तिसरा गोल करणारा जोआव पेड्रो चेल्सीत दाखल झाला होता २ जुलैला. स्पर्धा सुरू होती १४ जूनपासून! उपांत्य सामन्यातले दोन्ही गोलही त्याचेच. तिकीट एका संघाने काढलं, प्रवास दुसऱ्याने केला, आणि डब्यात शेवटच्या स्टेशनाआधी चढलेल्याने मैफल लुटली.

दुसरं टोकही तितकंच विचित्र. २०२४-२५ मध्ये इंग्लंडचा विजेता लिव्हरपूल, स्पेनचा बार्सिलोना, इटलीचा नापोली. जगातला सर्वोत्तम क्लब ठरवणाऱ्या २०२५ च्या स्पर्धेत या तिघांपैकी एकही नव्हता. प्रवेश ठरला होता २०२१ ते २०२४ या काळातल्या कामगिरीवर, शिवाय एका देशातून किती क्लब यावेत यालाही मर्यादा. कुणीही घोटाळा केला नव्हता. नियम पाळूनच हे घडलं, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं.

तर संघाचं घड्याळ सांगतं की चार वर्षं फार झाली. आता शरीराचं घड्याळ बघू.

व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात १० ते १२ किलोमीटर धावतो. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो फसवा आहे. तेवढं अंतर संथपणे धावणं या लोकांना काहीच नाही. खरा खर्च होतो अचानक वेग घेण्यात आणि त्याहून जास्त अचानक थांबण्यात. जोरात धावताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या आधीचा एक क्षण येतो. त्या क्षणी मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात, ताणला जात असतानाच आकुंचनाचा जोर लावत असतो, कारण पुढे उडालेल्या पायाला त्यालाच ब्रेक लावायचा असतो. ताणत ताणत जोर लावणं हा स्नायूसाठी सगळ्यात महागडा प्रकार. त्यात तंतूंना सूक्ष्म चिरा पडतात. दुखणं लगेच जाणवत नाही, ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत शिगेला पोचतं.

शिवाय इंधनाचा प्रश्न. स्नायूंत साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन. सामना संपल्यावर मांडीच्या स्नायूचे तंतू तपासले तर जवळपास निम्मे तंतू रिकामे किंवा रिकामे होत आलेले आढळतात. ही टाकी भरायला दोन ते तीन दिवस जातात, भरपूर पिष्टमय खाऊनसुद्धा, कारण जखमी तंतू रक्तातली साखर नीट ओढून घेऊ शकत नाहीत. म्हणजे दुरुस्ती आणि भरणा एकमेकांच्या वाटेत येतात. दोन सामन्यांत ७२ तास हवेत हा जो आकडा सतत कानावर पडतो, तो इथून आला आहे. जुलै २०२५ मध्ये फिफानेही तो मान्य केला आणि सोबत हंगामाच्या शेवटी किमान २१ दिवसांची सुट्टी असावी असं म्हटलं. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो २८ दिवस मागते.

आता एक मोहात पाडणारी गोष्ट. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीचा रॉड्री पत्रकारांसमोर म्हणाला की सामने इतके वाढलेत की खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत. पाचच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. कथा म्हणून चटका लावणारी, पुरावा म्हणून शून्य. एका सामन्यावरून वुल्व्हजला जगज्जेते ठरवणं जितकं चूक, तितकंच एका गुडघ्यावरून वेळापत्रकाला दोषी ठरवणं चूक.

पुरावा हवा तर ड्युपाँ आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास बघावा. त्यांनी एकाच संघाचे दोन हंगाम घेतले आणि आठवड्याला एक सामना खेळताना काय होतं, दोन खेळताना काय होतं याची तुलना केली. धावलेलं अंतर जवळपास सारखं. वेगाने मारलेल्या धावा सारख्या. टीव्हीवर बघणाऱ्याला काहीच फरक जाणवला नसता. दुखापती मात्र १००० तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेल्या होत्या, म्हणजे सहा पटींहून जास्त. पुढच्या मोठ्या अभ्यासांत फरक इतका भयंकर निघाला नाही, पण दिशा तीच राहिली. मला यात सहापटीपेक्षा त्या पहिल्या निष्कर्षाची जास्त भीती वाटते. थकवा दिसत नाही. खेळाडू तितकाच पळतो, प्रशिक्षकाच्या पडद्यावरचे आकडे हिरवे असतात, आणि मग एका साध्या धावेत मांडीला हात जातो. ‘बघा, काही होत नाही, खेळतायत की’ हा आयोजकांचा आवडता युक्तिवाद नेमका या फटीत बसतो.

युरोपची फुटबॉल संघटना युएफाच्या वतीने यान एकस्ट्रँड यांचा गट २००१ पासून युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवतो. त्यांच्या वहीत सगळ्या दुखापतींपैकी हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २४ टक्के. सामने वाढले हे एक कारण, खेळ वेगवान झाला हे दुसरं. दोन्ही एकमेकांत इतकी गुंतली आहेत की वेगळी काढणं अवघड.

याच एकस्ट्रँडांनी २००२ च्या विश्वचषकाआधी एक साधी मोजणी केली होती. युरोपातल्या मोठ्या क्लबांमधून विश्वचषकाला गेलेले खेळाडू आधीच्या दहा आठवड्यांत किती सामने खेळले? अपेक्षेपेक्षा चांगले खेळलेले सरासरी ९. अपेक्षेपेक्षा वाईट खेळलेले १२.५. फरक साडेतीन सामन्यांचा! त्या स्पर्धेत गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता पहिल्याच फेरीत घरी गेला आणि मांडी दुखावलेला झिदान पहिले दोन सामने बाहेर बसून होता. (फ्रान्सच्या अपयशाला इतरही कारणं होती. पण थकवा यादीत वर होता.)

२०२५ च्या उन्हाळ्यातही असाच काहीसा प्रयोग घडून गेला. पीएसजीने ३१ मे ला म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० ने धूळ चारून चॅम्पियन्स लीग जिंकली. एकोणीस दिवसांनी ब्राझीलच्या बोटाफोगोने त्यांना १-० हरवलं. ब्राझीलचे चारही क्लब बाद फेरीत गेले. फ्लुमिनेन्स उपांत्य फेरीपर्यंत पोचला. ब्राझीलचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता, युरोपचा संपला होता. सौदी अरेबियाच्या अल हिलालने मँचेस्टर सिटीला ४-३ ने बाहेर काढलं तो सामनाही आठवत असेल. पण इथे हवामान, प्रवास आणि ईर्ष्या यांचीही सरमिसळ आहे, म्हणून मी फार ताणणार नाही. सिनसिनाटीत ऊन इतकं होतं की डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी पहिला अर्धा सामना ड्रेसिंग रूममध्ये बसून बघितला, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली की गोची कळते. संघाचं घड्याळ म्हणतं लवकर मोजा, शरीराचं म्हणतं थांबा. तोडगा दोघांच्या मधोमध, म्हणजे दोन वर्षांवर, असेल असं वाटतं. आर्सेन वेंगर यांनी २०२१ मध्ये राष्ट्रीय संघांच्या विश्वचषकासाठी हाच आग्रह धरला होता आणि तो बारगळला. क्लबांच्या बाबतीत तीच कल्पना अधूनमधून डोकं वर काढते.

ती का चालणार नाही हे कळायला फक्त दिनदर्शिका लागते. युरोपातल्या बड्या खेळाडूचे उन्हाळे मोजा. २०२४ युरो, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा. २०२५ क्लब विश्वचषक. २०२६ विश्वचषक. २०२७ रिकामा. २०२८ पुन्हा युरो, २०२९ क्लब विश्वचषक, २०३० विश्वचषक. चार वर्षांत एकच उन्हाळा मोकळा. क्लब विश्वचषक दोन वर्षांनी भरवायचा तर विषम वर्षी भरवावा लागणार, म्हणजे २०२७ गेला. ‘चारऐवजी दोन’ हे कागदावर दुप्पट वाटतं, पण विश्रांतीच्या बाजूने बघितलं तर एकाचं शून्य होतं. दुप्पट झाल्याचा ताण शरीर कसाबसा सोसेल, शून्याचा नाही. २१ दिवस काय आणि २८ दिवस काय, ते कुठून आणणार? पीएसजी १३ जुलै २०२५ ला क्लब विश्वचषकाचा अंतिम सामना हरला आणि १३ ऑगस्टला सुपर कपसाठी टॉटनहॅमसमोर उभा होता. बरोबर एक महिना, त्यातच सुट्टी, त्यातच सराव. ८५ व्या मिनिटापर्यंत ते ०-२ ने मागे होते. शेवटी पेनल्टीवर जिंकले, तो भाग वेगळा.

पूर्वी विश्वचषकाच्या आदल्या उन्हाळ्यात कॉन्फेडरेशन्स कप असायचा. पण त्यात आठ राष्ट्रीय संघ आणि सोळा सामने, दोन आठवड्यांत मामला आटोपायचा. २०१७ मध्ये जर्मनीने तिथे आपले बिनीचे खेळाडू पाठवलेच नाहीत, आणि तरीही जिंकले. त्याच जागेवर आता ३२ संघांचे ६३ सामने आणि एक अब्ज डॉलरची बक्षिसं आहेत. एवढ्या पैशांसमोर कोणता क्लब बिनीच्या खेळाडूंना घरी ठेवेल?

दरवर्षी भरवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. २००५ ते २०२३ क्लब विश्वचषक वर्षाला एक असाच चालायचा. छोटेखानी, युरोपचा विजेता थेट उपांत्य फेरीत, दोन सामने खेळून चषक घेऊन परत. शरीराला त्रास नाही, प्रवेश ताजा, म्हणजे दोन्ही घड्याळं खूश. पण दोन सामन्यांत मोजणार काय? २०१२ मध्ये कॉरिन्थियन्सने चेल्सीला हरवलं, त्यानंतर २०२३ पर्यंत दर वेळी युरोपचाच क्लब जिंकला आणि युरोपात कुणी फारशी दखलही घेतली नाही. छोटी वार्षिक स्पर्धा शरीराला परवडते पण सांगत काहीच नाही, मोठी सांगते पण परवडत नाही.

माझं मत विचाराल तर वाद चुकीच्या आकड्यावर चालला आहे. अंतर चार वर्षांचंच ठेवावं, कारण रिकामा उन्हाळा ही खेळातली सगळ्यात दुर्मीळ चीज आहे आणि एकदा गेली की परत येत नाही. कमी करायची आहे ती स्पर्धेची स्मरणशक्ती. चार वर्षांचा हिशेब प्रवेशासाठी कशाला? शेवटच्या दोन हंगामांवर जागा द्या. मग निदान जो संघ तिकीट काढेल त्यातले पाच-सहा चेहरे तरी मैदानात दिसतील. आणि चॅम्पियन्स लीगसारख्या वार्षिक स्पर्धेत सामने वाढवून फार अचूकता येते या भ्रमात राहू नये. २०२४-२५ मध्ये नवी पद्धत आली, एकूण सामने १२५ वरून १८९ झाले. साखळीत लिव्हरपूल पहिला आला आणि पीएसजी पंधरावा. बाद फेरीत दोघांची गाठ पडली, पेनल्टीवर निकाल लागला, आणि पंधरावा आलेला संघ युरोपचा विजेता झाला.

चार वर्षांच्या हिशेबाचा हाच नियम कायम राहिला, तर पीएसजीचा तो २०२५ चा विजय त्यांना २०२९ च्या स्पर्धेत जागा मिळवून देईल. म्युनिकच्या अंतिम सामन्यात दोन गोल मारणारा देझिरे दुए तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. २०२९ च्या जूनमध्ये तो चोवीस वर्षांचा होईल. त्या वेळी त्याच्या अंगात कोणत्या क्लबची जर्सी असेल हे आज तोही सांगू शकणार नाही, पण त्याच्या गोलांनी मिळवलेली जागा पीएसजीच्याच नावावर असेल.